आत्याबाईंचा इंग्रजीचा पेपर

मोसंबीला फूल आलं की मला भीती वाटते. कुणाला सांगितलं तर हसतील. आमच्या बांधावरून जाणारा मोटारसायकलवालासुद्धा तिथं आला की वेग कमी करतो, मान वर करून वास ओढून घेतो आणि मग पुढं जातो. पाहुणे आले की अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि म्हणतात, काय नशीबवान आहात हो तुम्ही. असू बापडे. पण घनसावंगीच्या ह्या पट्ट्यात आंबिया बहार फुलतो तो नेमका दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, आणि तो वास नाकात शिरला की मला फुलं दिसत नाहीत, इंग्रजीचा पेपर दिसतो. पत्रलेखन, उताऱ्यावरचे प्रश्न, कवितेचं रसग्रहण, सगळं एका रांगेत येऊन उभं राहतं.

यंदाही तेच झालं. दुपारी अंगणवाडी सुटली की तिच्या ओट्यावर गावातल्या दहावीच्या पोरी इंग्रजी घेऊन बसतात आणि मी त्यांना शिकवते. त्यातली एक परवा म्हणाली, "मॅडम, कवितेचं एकच उत्तर पाठ करून टाकते. कोनतीबी कविता येऊ द्या, तेच लिहिते." मी तिला रागवायला तोंड उघडलं आणि हसतच सुटले. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. आत फळ्यावरचा अआइई पुसत असलेल्या आत्याबाईंनी मात्र मागं वळूनही पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं मी का हसते ते.

माझी स्वतःची दहावी जालन्यात झाली. वडील कचेरीत कारकून, घराजवळ क्लास, कपाटात गाइडं. आली आणि गेली. तिची एकही आठवण अंगावर येत नाही. अंगावर येते ती माझ्या सासूची दहावी. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामा. लग्न होऊन मी ह्या गावात आले आणि थोड्याच दिवसांत आत्याबाईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसल्या. घरात बी.ए.ला इंग्रजी घेतलेली मी एकटीच, म्हणून मी त्यांची मास्तरीण झाले. सकाळी चुलीपाशी त्या मला बोलायच्या, दुपारी पुस्तकापाशी मी त्यांना बोलायची. फिटंफाट व्हायची आणि संध्याकाळी दोघी मिळून भाकरी खायचो.

हे सगळं कशासाठी, तर अंगणवाडीसाठी. आत्याबाई तिथं मदतनीस होत्या. सकाळी घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची, नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. शिकवायचं काम सेविकाबाईंचं. त्या सेविकाबाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या, आणि तेव्हा नियम असा सांगत होते की मदतनीस दहावी पास असेल तर त्या जागेवर पहिला हक्क तिचा. नसेल तर बाहेरची बाई येणार आणि आत्याबाई निवृत्त होईस्तोवर खिचडीपाशी. दुसरी संधी नव्हती. "मला खुर्ची न्हाई पाह्यजे," त्या एकदा मला म्हणाल्या. "पन मी लेकरायला गाणं शिकवाया लागले की आतून आवाज येतो, द्वारकाबाई, खिचडी लागंल बघा. लागू दे ना एकदा. लेकरं माझ्याकडं बघून राह्यलेली असतेत गं." एवढं बोलून त्या भांडी घासायला उठल्या. आत्याबाईंनी काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यांचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. आज ह्या गावच्या शिवारात मेंढ्या बसवल्या, उद्या त्या गावच्या. शाळाही तशीच, तुटत तुटत, जिथं मुक्काम पडेल तिथल्या वर्गात मागच्या ओळीत. तरी बाईनं नववी गाठली होती. बाकीच्या विषयांना त्या बिलकुल भीत नव्हत्या. घोडं पेंड खात होतं ते इंग्रजीत. मामा ज्वारी घेऊन परतूरच्या बाजाराला गेले तेव्हा त्यांना गाइड आणायला सांगितलं होतं. त्यांनी आणलं ते इंग्रजी शाळेतल्या मुलांचं, नावाला एक मराठी अक्षर नसलेलं. "इंग्रजीचं पाह्यजे म्हनलो, त्यानं पुरं इंग्रजीच दिलं," मामा म्हणाले. "खर्चा वसूल हाय." बदलून आणायला पुन्हा कोण जाणार. त्यावरच आमचा अभ्यास सुरू झाला.

बसायचो बागेत, विहिरीकडच्या झाडाखाली. हिवाळ्यात मोसंबीचं पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं मलूल होऊ द्यायची, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलानं भरून येतं, अशी ही बागेची रीत. मी त्या वर्षी नवीनच शिकले होते आणि मोठ्या तोऱ्यात आत्याबाईंना सांगितलं की तुम्हालाही जरा ताण दिल्याशिवाय काही यायचं नाही. त्यांनी माझ्याकडं चष्म्याच्या वरून पाहिलं. "झाडाला तान दिला की फूल येतं. मला तान दिला की ताप येतो," म्हणाल्या. "जल्दी सांग काय सांगायचं ते, खुरपायला बाया आल्यात."

पत्रानं आमचा पहिला जीव घेतला. आपला पत्ता कुठं, तारीख कुठं, ज्याला लिहायचं त्याचा पत्ता कुठं, विषय कुठं. मी रोज सांगायची आणि रोज त्या तारीख खाली आणि नमस्कार वर करून ठेवायच्या. शेवटी एका दुपारी त्यांनीच माझ्या हातातलं पेन बाजूला केलं आणि मातीत काडीनं चौकोन काढला. "हे शेत समज," म्हणाल्या. "आपुन मुक्कामाला आलो. वर ह्या कोपऱ्यात आपलं पाल. म्हंजी आपला पत्ता. पालाच्या खाली कुत्रं बांधलेलं, ती तारीख. हिकडं समोर शेतवाल्याचं घर, ज्याच्या रानात बसायचं त्याचं. त्याला आधी रामराम. मंग काय काम काढलं ते, म्हंजी विषय. मंधी सगळी मेंढरं. आन् सकाळी निघताना पुन्हा रामराम घालून आपलं नाव." काडी टाकून त्यांनी हात झटकले. "बराबर हाय का?" बराबर होतं. मेंढ्यांचा मुक्काम कसा मांडायचा हे त्यांना चालायला लागल्यापासून ठाऊक होतं, आणि पत्र त्याच जागी जाऊन बसलं. त्या दिवसानंतर पाण्याच्या तक्रारीचं पत्र असो की सहलीच्या परवानगीचं, आत्याबाईंचं कुत्रं पालाच्या खालीच बांधलेलं असायचं.

मला तेव्हा वाटलं, जिंकलो. आता उतारे तेवढे काढले की झालं. पण उताऱ्यांनी मला घाम फोडला. गाइडात एक उतारा होता एका कुंभाराचा. कुंभाराचं नाव गोपाळ. गोपाळ मडकी करतो, गोपाळचं मडकं फुटतं, गोपाळ नवी युक्ती काढतो, असा सगळा. आत्याबाई मोठ्यानं वाचायला लागल्या की पहिल्याच शब्दाला अडायच्या. खोकायच्या. पदर सारखा करायच्या. मग 'वॉज अ पॉटर' असं मधूनच सुरू करायच्या. मला वाटलं त्यांना तो शब्दच वाचता येत नाही. मी एकेक अक्षर बोटानं दाखवलं, फोड करून सांगितली. त्या मुकाट ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा खोकायच्या. उत्तरांचंही तेच. युक्ती कुणी काढली, ही. म्हणजे 'ही', इंग्रजीतला तो. मडकं कुणाचं फुटलं, तर त्याचं. सगळ्या उत्तरांत कुंभाराचं नाव म्हणून नाही.

सराव परीक्षेलाही तोच उतारा आला आणि त्या सगळ्या प्रश्नांचे मार्क गेले. पेपर हातात आला तेव्हा माझा पारा चढला. "आत्याबाई, कोण विचारलं तर नाव लिहायचं. 'ही' म्हणजे कोण? आपला कुत्रासुद्धा 'ही'च आहे." त्या खाली मान घालून हरभऱ्याची भाजी खुडत राहिल्या. मी आणखी बोलणार तेवढ्यात ओट्यावर लोकरीचा दोर वळत बसलेल्या मामांचे खांदे हलताना दिसले. ते हसत होते. "पोरी," ते म्हणाले, "त्या कुंभाराचं नाव बदल. मंग बघ कशी घडाघडा लिहिती ती."

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. मामांचं नाव गोपाळ. घरात सगळे त्यांना मामा नाहीतर आबा म्हणायचे, मला ते नाव फक्त लग्नपत्रिकेवर छापलेलं आठवत होतं. मी पडले जालन्याची. नवऱ्याला अंगणाच्या ह्या टोकाहून त्या टोकापर्यंत 'गणेश' अशी हाळी देणारी. पहिल्यांदा दिली तेव्हा आत्याबाईंच्या हातातलं पातेलं सुटलं होतं, आणि मला वाटलं होतं पातेलं गरम असेल. त्यांनी मला कधी अडवलं नाही. पण त्यांच्या स्वतःच्या तोंडून ते नाव आजवर कधी निघालं नव्हतं. लग्नातला उखाणासुद्धा म्हणे त्यांनी पुटपुटला होता, तो कुणालाच ऐकू आला नव्हता. नवऱ्याचं पूर्ण नाव सांगायची वेळ आली की त्या शेजारणीला कोपरानं ढोसायच्या आणि शेजारीण सांगायची.

"अहो पण हा गाइडातला कुंभार आहे," मी म्हटलं. "ह्याचा आपल्या मामांशी काय संबंध?"

"असंल," आत्याबाई भाजीकडं बघत म्हणाल्या. "नाव तेच हाय ना. फुटलेल्या मडक्यापाशी कसं लिहू मी ते?"

"लिही की बिनघोर," मामा ओट्यावरून म्हणाले. "इंग्रजीत कोन ओळखतंय मला?"

आत्याबाई लाजल्या. नातवंडं खेळवायच्या वयाची बाई, कानापर्यंत लाल झाली आणि टोपली उचलून आत गेली. मी पेन घेऊन अख्ख्या गाइडातल्या गोपाळांचे मोहन करून टाकले. पण बोर्डाच्या पेपरात मला कोण पेन घालू देणार? त्या दिवसापासून मी रोज दिवा लावताना मनात म्हणायची, देवा, कुंभार येऊ दे, लोहार येऊ दे, शास्त्रज्ञ येऊ दे, पण ह्या बाईच्या पेपरात गोपाळ येऊ देऊ नकोस.

तोंडी परीक्षेसाठी स्वतःची ओळख करून द्यायची होती. तिथंही तोच घोळ. मी म्हणायची, पूर्ण नाव सांगा. त्या ताठ उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "माय नेम इज द्वारका," मग एक श्वास घ्यायच्या, आणि मग, "काळे." मधली जागा त्या बुजवायच्या नाहीत आणि विसरायच्याही नाहीत. तिथं कुणीतरी बसलेलं आहे असं समजून वळसा घालून पुढं जायच्या. किती वेळा मी टोकलं असेल. शेवटी सोडून दिलं. तोंडीला तिथल्या मास्तरांनीही त्या श्वासाकडं लक्ष दिलं नाही म्हणे.

मग आली कविता. पुस्तकात एक कविता होती, त्यात कवी विहिरीच्या काठावर बसतो, आत डोकावतो, त्याला पाण्यात चंद्र दिसतो आणि तो चंद्राला आपलं मन सांगत राहतो. चांगली कविता होती. मला अजून आवडते. रसग्रहणात शेवटी लिहावं लागतं की तुम्हाला ही कविता का आवडली, आणि त्याचं एक ठरलेलं उत्तर मी आत्याबाईंकडून पाठ करून घेतलं होतं. कवितेतून सुंदर संदेश मिळतो, आणि भाषा सिंपल अँड ल्युसिड आहे. आमच्या जिल्ह्यातल्या यच्चयावत पोरांनी यच्चयावत कवितांना हेच सर्टिफिकेट दिलेलं असणार. आत्याबाईंनी पाठ केलं, म्हणूनही दाखवलं, आणि मग पुस्तक मिटून विचारलं, "त्याच्या घरी पानी कोन भरतं गं?"

"कुणाच्या?"

"ह्या विहिरीवर बसलेल्याच्या. विहिरीत बघितलं की मानसाला आधी काय दिसतं? पानी किती खाली गेलं ते. दोर किती लागंल ते. ह्याला चंद्र दिसला."

"आत्याबाई, ते प्रतीक आहे. एकटेपणाचं."

"एकटं बसाया मिळालं त्याला, हेच लई झालं." त्या उठल्या आणि पंपाकडं गेल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, "मला न्हाई आवडली ती."

"नसू द्या आवडली. पेपरात आवडली म्हणून लिहा."

"मंग इचारतेत कशाला?"

मी इतकंच म्हटलं की परीक्षा संपू द्या, मग त्या कवीला काय बोलायचं ते बोला. त्यांनी मान हलवली. मला वाटलं पटलं. आत्याबाई मान हलवतात ती पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून, हे मला पुढं कळलं.

पेपरच्या दिवसापर्यंत झाडांखाली पाकळ्यांचा सडा पडला होता आणि फांद्यांवर वाटाण्याएवढी हिरवी फळं दिसायला लागली होती. वाऱ्याला आता वास कमी, धूळ जास्त. जीपमध्ये ऊसतोडीच्या बाया, दोन बकऱ्या आणि आम्ही. आत्याबाईंनी लग्नकार्यातलं लुगडं नेसलं होतं आणि हॉलतिकीट ब्लाउजात ठेवलं होतं. घनसावंगीला शाळेच्या फाटकाशी पोरांची ही गर्दी. त्यात ही एक बाई डोक्यावरचा पदर सांभाळत आत शिरली तेव्हा शिपायानं तिला अडवलं. "मावशी, पालकांनी भाईर थांबायचं." आत्याबाईंनी हॉलतिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं. तो बाजूला झाला.

मी लिंबाखाली बसले. पानगळीचा लिंब, सावली नावालाच. शेजारच्या बाईनं पिशवीतून मुरमुरे काढून माझ्या पुढं धरले. "तुमचं लेकरू कोनतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सासू." तिनं मुरमुऱ्यांची मूठ तशीच धरून माझ्याकडं पाहिलं, मग पदरात तोंड घालून हसली. उठताना म्हणाली, "होईल पास. माव्हं पोरगं न्हाई का, त्याच्यापरीस तर बरं लिहीत असतील." मला त्या बाईचा तेव्हा फार आधार वाटला.

आत्याबाई बाहेर आल्या त्या खुशीत. पत्र आलं होतं, मुक्काम बराबर मांडला. उतारा एका मुलीचा होता, नाव सरिता, दहा वेळा लिहिलं. मी देवाला हात जोडले. "आणि कविता?" मी विचारलं.

"विहिरीचीच आल्ती."

"मग? पाठ केलेलं लिहिलं ना?"

त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले. "मी लिहिलं, आय डू नॉट लाइक धिस पोएम. पोएट इज सिटिंग निअर द वेल. हू इज फिलिंग वॉटर इन हिज हाऊस." आणि माझा चेहरा बघून घाईनं म्हणाल्या, "पन भाषा सिंपल अँड ल्युसिड हाय, ते लिहिलं. ते खरं हाय."

मी जीपमध्ये तोंड बाहेर करून बसले. राग आला होता असं कुणालाही वाटलं असतं, आत्याबाईंनाही तेच वाटलं. पण मला रडू येत होतं. मला तो पेपर तपासणारा कुणीतरी दिसत होता, समोर गठ्ठा, हातात लाल पेन, उन्हानं कावलेला. त्याला काय पडलं होतं कुणाच्या घरी कोण पाणी भरतं त्याचं. एका ओळीपायी ही बाई जन्मभर खिचडीपाशी राहणार असं मला वाटत होतं, आणि ती ओळ खोडून टाकायला माझा हात तिथपर्यंत पोचत नव्हता. गावचा फाटा आला तेव्हा आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "चुकलं का गं माव्हं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही." आणि मग खरं वाटावं म्हणून आणखी एकदा म्हटलं, "नाही चुकलं." त्यांनी हात तसाच ठेवला.

उन्हाळा लांबला. बागेत फळगळ सुरू झाली. रोज सकाळी झाडाखाली गोट्यांएवढी फळं पडलेली असायची आणि मामा ती पायानं एका बाजूला सारायचे. अंगणवाडीत परतूरकडची एक बाई येऊन जागा बघून गेली. चांगली होती बिचारी, बारावी झालेली, लेकरांना चॉकलेटं वाटून गेली. त्या दिवशी आत्याबाईंनी खिचडी खरंच लावली. घरी आल्या आणि गोठ्यातलं शेण काढायला लागल्या, ते सकाळीच काढून झालं होतं. मामांनी मला खुणेनं सांगितलं, राहू दे. आम्ही दोघं ओट्यावर बसून त्यांच्या खराट्याचा आवाज ऐकत राहिलो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात इंग्रजी हा शब्द कुणी काढला नाही.

निकाल मोबाइलवर लागतो आणि मोबाइलला रेंज लागते ती गावच्या पाण्याच्या टाकीखाली. मी तिथं उभी राहून नंबर टाकला. चाक फिरत राहिलं. नळावरच्या बायांनी हंडे ठेवून माझ्याभोवती कडं केलं. पास. सगळ्यात पास, आणि इंग्रजीत पासापुरते आणि वर थोडे. ते वरचे थोडे कशाचे होते, हे कळायला काही मार्ग नसतो. नुसता आकडा येतो. पत्राच्या मुक्कामाचे असतील, सरिताचे असतील. पण मी मनाशी ठरवून टाकलंय की त्या लाल पेनवाल्याच्या किंवा पेनवालीच्या घरीही कुणीतरी पाणी भरत असणार. मी पळत घरी आले. आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. ऐकल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडल्या, आवाज करून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल, चहा टाक. मास्तरीण झाली म्हून काय बसून राहती?"

पावसाळ्याच्या तोंडाला तालुक्याच्या कचेरीतून कागद तपासायला बोलावणं आलं. मामा म्हणाले मीबी येतो. का म्हणून विचारलं तर म्हणाले, बाजाराचं काम हाय. बाजाराचा दिवस नव्हता. डोक्याला नवा रुमाल बांधून ते आमच्याबरोबर जीपमध्ये बसले आणि कचेरीत गेल्यावर दारापाशीच उभे राहिले, आत आले नाहीत. टेबलामागं एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी कागद चाळले, एकेकावर खूण केली आणि मान वर न करता म्हणाल्या, "पूर्ण नाव सांगा."

आत्याबाईंचं कोपर माझ्या बरगडीत आलं. मी सांगायला तोंड उघडलं. "त्यांना सांगू द्या," मॅडम म्हणाल्या. रागावून नाही, सवयीनं. "सेविका त्या होणार आहेत ना?"

मागं रांगेत बाया होत्या. पंखा करकरत होता. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, तिथं मामा चौकटीला टेकून जमिनीकडं बघत होते. मला आत्याबाईंची दया आली आणि मनातून मी त्या मॅडमला दोन शिव्या दिल्या. एवढ्यात आत्याबाई उठल्या. मोसंबीखाली उभ्या राहायच्या तशा ताठ उभ्या राहिल्या, पदर खोचला.

"माय नेम इज द्वारका," त्या म्हणाल्या, आणि नेहमीच्या जागी श्वास घेतला. मी पुढचा 'काळे' ऐकायला तयार होते. "गोपाळ," त्या म्हणाल्या. स्वच्छ, खणखणीत, लेकरांना गाणं शिकवताना लावतात त्या आवाजात. "काळे."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "बसा मावशी," म्हणाल्या, आणि नाव लिहून घेतलं.

दारात मामा नव्हते. मी बाहेर आले तर ते व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून उभे होते, डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतलेला. त्यानं तोंड पुसत होते. घाम आला असेल असं धरून मी जरा लांबच थांबले. त्यांनी मला पाहिलं. रुमाल पुन्हा बांधायला लागले, तो काही नीट बसेना.

"पोरी," ते म्हणाले, "इंग्रजीतबी ओळखू आलो की मी."